रोग नेहमी दुसऱ्या गावचा

भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या सोळाव्या शतकातल्या आयुर्वेदग्रंथात एका नव्या रोगाची दखल आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत हा रोग नाही. भावमिश्रांनी त्याला नाव दिलं 'फिरंग रोग'. फिरंग्यांच्या देशात तो फार आढळतो आणि फिरंग्यांच्या, विशेषतः फिरंगी स्त्रीच्या, अंगसंगाने जडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार सांगितले. माणूस वाळत जातो, बळ सरतं, नाक बसतं, हाडं झिजतात आणि वाकतात, हे उपद्रवही नोंदवले. आजच्या त्वचारोगतज्ज्ञाला हे वर्णन वाचून दाखवलं, तर तो क्षणभरही न थांबता म्हणेल : सिफिलिस.

गंमत अशी, की ज्या फिरंग्यांच्या नावावर आपण हा रोग टाकला, तेही तो दुसऱ्याच्या नावावर टाकत होते. १४९४-९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्सवर चालून गेला. त्या मोहिमेच्या सुमारास सैन्यात आणि शहरात ही साथ भडकली. इटालियन लोक तिला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले, फ्रेंच नेपल्सचा. रशियन लोकांनी पोलंडकडे बोट दाखवलं, तुर्कांनी ख्रिश्चनांकडे. १५३० मध्ये फ्राकास्टोरो या इटालियन वैद्याने या रोगावर लॅटिनमध्ये चक्क एक काव्य लिहिलं आणि त्यातल्या शापित मेंढपाळाचं नाव ठेवलं सिफिलस. त्यावरून आलेलं 'सिफिलिस' हे नाव टिकलं, त्याचं एक कारण मला असं वाटतं, की त्यात कोणत्याच देशाला शिवी नव्हती.

गोव्याचा या कथेशी थेट संबंध आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात तो चोपचिनीबद्दल लिहितो. चीनमधून येणारी ही मुळी या रोगावर उतारा म्हणून तेव्हा बंदराबंदरांत विकली जात होती. भावमिश्रांच्या उपचारांतही तीच चोपचिनी आहे आणि सोबत रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार. फिरंगी वैद्य आणि देशी वैद्य एकाच पेठेतून एकच माल घेत होते. रोग गलबतातून आला, औषधही गलबतातूनच आलं.

मराठीत या रोगाचं घरगुती नाव 'गरमी'. पुस्तकी नाव 'उपदंश'. प्राचीन ग्रंथांतला उपदंश हा जननेंद्रियांवरच्या व्रणांचा जुना, वेगळा विकार, त्यामुळे हा शब्द सिफिलिसला चिकटला तो ओढूनताणूनच. पण सर्वांत जास्त चालला तो तिसराच शब्द, 'गुप्तरोग'. लोकलच्या डब्यात, एस.टी. स्टँडच्या मुतारीत, पुलाच्या खांबावर 'गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज' असं वाचतच आपल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. या शब्दात रोगाविषयी काहीच माहिती नाही. आहे ती फक्त सूचना : लपवा.

आणि लपण्यात हा जंतू मुळातच पटाईत आहे. ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा वळलेला, अतिशय बारीक जीव. शाऊडिन आणि हॉफमन या दोघांनी तो बर्लिनमध्ये १९०५ साली पाहिला. 'पॅलिडम' म्हणजे फिकट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो जवळजवळ दिसतच नाही. इतर अनेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला त्यासाठी तीसेक तास लागतात. त्याच्या बाह्य आवरणावर प्रथिनं फार थोडी, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना पकडायला काही सापडत नाही. प्रयोगशाळेच्या बशीत तो सहजासहजी वाढतही नाही. सशाच्या शरीराबाहेर त्याला दीर्घकाळ जगवणं शास्त्रज्ञांना २०१८ मध्ये कुठे जमलं. एवढा दुबळा जीव, हवेत आणि साबणाच्या पाण्यात मरणारा. म्हणूनच तो संडासच्या भांड्यावरून, टॉवेलवरून, कपबशीतून पसरत नाही. त्याला लागते ती ओलसर कातडीची कातडीशी गाठ : योनिमार्गे, गुदमार्गे किंवा मुखमैथुन, तोंडात व्रण असेल तर चुंबनसुद्धा. आणि गरोदर आईकडून वारेतून बाळाकडे जाणारी वाट.

संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कमीत कमी दहा दिवस, जास्तीत जास्त नव्वद) जंतू जिथून शिरला तिथे एक व्रण उठतो. कडा टणक, तळ स्वच्छ, आणि दुखत नाही. न दुखणं हीच त्याची मेख. पुरुषाला तो दिसण्याची शक्यता असते. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडावर, गुदद्वारात किंवा घशात असेल तर कळणारच नाही. दिसला तरी लोक मलम लावतात, मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेतात, आणि तीन ते सहा आठवड्यांत व्रण भरून येतो. तो आपोआपच भरून यायचा असतो. श्रेय मात्र मलमाला मिळतं, नाहीतर खांबावरच्या जाहिरातीतल्या डॉक्टरला. खात्रीशीर इलाजवाल्यांचा सगळा धंदा रोगाच्या या एका खोडीवर चालत आला आहे.

मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, दुसरी पाळी. अंगावर तांबूस पुरळ येतं, खाजत नाही, आणि ते तळहातांवर-तळपायांवरही उमटतं. बाकी बहुतेक पुरळं तळहात-तळपाय सोडून असतात, म्हणून तिथे डाग दिसले की जाणत्या डॉक्टरच्या मनात पहिली शंका हीच येते. ताप, घसा धरणं, अवधाण येणं, केस उंदराने कुरतडल्यासारखे ठिकठिकाणी जाणं, तोंडात पांढुरके चट्टे. कुणी याला अंगातली उष्णता म्हणतं, कुणी औषधाची अॅलर्जी, कुणी नायटा. हे सोंगही उतरतं. त्यानंतरचा काळ शांततेचा : वर्षानुवर्षं काही नाही, फक्त रक्तात खूण. उपचाराविना राहिलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश लोकांत दहा, वीस, तीस वर्षांनी रोग शेवटचा हात दाखवतो. महाधमनी फुगते, हाडं आणि नाक पोखरतं, मज्जारज्जू झिजून चाल बिघडते, बुद्धी भ्रमिष्ट होते. मेंदू, डोळा आणि कान यांवरचा घाव मात्र वर्षांची वाट पाहीलच असं नाही. तो पहिल्या काही महिन्यांतही पडू शकतो. अचानक अंधुक दिसू लागलेल्या किंवा ऐकू येईनासं झालेल्या तरुण माणसाची ही तपासणी व्हायला हवी, ती याच कारणाने.

तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. आपल्याकडे तिचं रूढ नाव : व्हीडीआरएल. गरोदर बाईच्या चाचण्यांच्या यादीत ती असते, शस्त्रक्रियेआधी कधी असते, आणि रक्तपेढीत तर प्रत्येक पिशवीची होते. एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी आणि मलेरिया यांच्या जोडीने ती कायद्याने बंधनकारक आहे. गणेशोत्सवातल्या किंवा जयंतीच्या रक्तदान शिबिरात हौसेने रक्त देणाऱ्या एखाद्याला म्हणूनच काही दिवसांनी रक्तपेढीचा फोन येतो आणि आयुष्यात पहिल्यांदा हे नाव ऐकू येतं.

पण इथे घाबरण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. व्हीडीआरएल जंतूला ओळखत नाही. जंतूमुळे पेशींची जी नासधूस होते तिच्यावर शरीराने उठवलेली प्रतिक्रिया ती मोजते. तशी प्रतिक्रिया ल्युपससारख्या विकारात, मलेरियात, कुष्ठरोगात, कधी नुसत्या गरोदरपणातही उठू शकते. म्हणून टीपीएचएसारखी, थेट या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी दुसरी चाचणी जोडीला हवी. उलट बाजूही आहे : व्रण नुकताच उठला असेल तर दोन्ही चाचण्या 'निगेटिव्ह' येऊ शकतात. एका कागदावरून निकाल देऊ नये, ना स्वतःला, ना दुसऱ्याला.

उपचाराचा इतिहास हा आधी छळाचा इतिहास आहे. चारशे वर्षं पारा : अंगाला चोळायचा, धुरी घ्यायची, पोटात घ्यायचा. लाळ गळायची, दात हलायचे, हिरड्या सडायच्या. रोग कुठला आणि औषध कुठलं हे कळेनासं व्हायचं. १९०९ मध्ये पाउल एरलिख यांच्या प्रयोगशाळेत जपानी सहकारी सहाचिरो हाता यांनी सोमलाच्या संयुगांची एकामागून एक चाचणी घेतली आणि ६०६ क्रमांकाचं संयुग लागू पडलं. पुढच्या वर्षी ते 'साल्व्हारसान' म्हणून बाजारात आलं. मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगावर मात्र ते पुरेसं नव्हतं. तिथे व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन तापाने जंतू मारण्याचा मार्ग काढला आणि १९२७ मध्ये त्यावर नोबेल मिळवलं. एक रोग दुसऱ्या रोगाने काढायचा! आज हसू येतं, पण वेड्यांच्या इस्पितळात तेव्हा या लोकांसाठी दुसरं काहीच नव्हतं.

१९४३ मध्ये अमेरिकेत महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांना पेनिसिलिन दिलं, आणि सगळं बदललं. आजही, ऐंशीहून अधिक वर्षांनंतर, पेनिसिलिनला हा जंतू निर्ढावलेला नाही. अॅझिथ्रोमायसिनला तो अनेक देशांत निर्ढावला आहे, म्हणून 'एका गोळीत काम' यावर भिस्त ठेवता येत नाही. पहिल्या वर्षभरातल्या संसर्गाला बेन्झाथिन पेनिसिलिनचा एकच डोस पुरतो : २४ लाख युनिट, म्हणजे आपल्याकडच्या १२ लाखांच्या दोन बाटल्या, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. त्याहून जुना किंवा वय न कळणारा संसर्ग असेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस. मेंदू किंवा डोळ्यापर्यंत गेला असेल तर दवाखान्यात भरती होऊन दहा ते चौदा दिवस शिरेतून. पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत थंडी-ताप भरून अंग मोडून येऊ शकतं. ते औषधाचं वावडं नसून मरणाऱ्या जंतूंचा गोंधळ असतो.

मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटापेक्षा हे औषध स्वस्त आहे. आणि तेच त्याचं दुखणं. स्वस्त आणि पेटंट नसलेल्या औषधात कंपन्यांना रस नसतो. त्याचा मूळ कच्चा माल बनवणारे जगात मोजकेच, त्यामुळे गेल्या दशकात कित्येक देशांत त्याचा तुटवडा पडला. आपल्याकडे भर पडते ती भीतीची. पेनिसिलिनची जीवघेणी रिअॅक्शन अतिशय क्वचित येते, पण एखादी आली तर नातेवाईक दवाखाना फोडतील, या धास्तीने अनेक खासगी डॉक्टर हे इंजेक्शनच देत नाहीत. दाटसर दुधासारखं औषध, जाड सुई, मध्येच तुंबणारी. त्यापेक्षा गोळ्या लिहून देणं सोपं. पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन हा खरा पर्याय आहे, पण गरोदर बाईला तोही नाही. तिला पेनिसिलिनच लागतं, कारण बाळापर्यंत खात्रीने पोचणारं दुसरं औषध नाही.

औषध सापडणं आणि ते मिळणं यांत किती अंतर असू शकतं, हे अलाबामातल्या टस्कीगीने दाखवलं. १९३२ पासून अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने तिथल्या ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक 'अभ्यास' चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तुमचं रक्त खराब आहे, एवढंच त्यांना सांगितलं. पेनिसिलिन आलं, सर्रास मिळू लागलं, तरी त्यांना दिलं नाही; रोग शेवटपर्यंत कसा जातो ते बघायचं होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं तेव्हा तो थांबला, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

आपला वासाहतिक इतिहासही फार वेगळा नाही. गोऱ्या सैनिकांत हा रोग माजला तेव्हा इंग्रज सरकारने १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. त्याखाली नोंदणी वेश्यांची, सक्तीची तपासणी वेश्यांची, 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबणं वेश्यांना. शिपायाला मोकळीक. मुंबईतही तो लागू झाला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. त्यामागचा विचार काही रद्द झाला नाही. रोगाचा पत्ता म्हणजे कामाठीपुरा, बुधवार पेठ. तिथून उठून घरी गेलेल्या माणसाचा पत्ता कुणी लिहून घेत नाही.

याला अपवाद ठरलेल्या एका माणसाचं नाव इथे घेतलंच पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांचा आग्रह साधा होता : हा आरोग्याचा प्रश्न आहे, त्याची नीतीशी गाठ मारू नका. पेनिसिलिन येण्याआधी हे म्हणणं धाडसाचं होतं. पेनिसिलिन आल्यानंतरही ते धाडसाचंच वाटत असेल तर दोष औषधाचा नाही.

आता एक बाजूची गोष्ट सांगतो; माझ्या मते ती या सगळ्या विषयाची किल्ली आहे. सिफिलिसच्या जंतूला एक सख्खा भाऊ आहे. त्याच्यामुळे यॉज नावाचा रोग होतो. इंजेक्शन तेच, व्हीडीआरएलही तसंच 'पॉझिटिव्ह' येतं. फरक एवढाच, की तो लैंगिक संबंधांतून नव्हे तर साध्या कातडीच्या स्पर्शातून, मुख्यतः लहान मुलांत पसरतो. ओडिशा, छत्तीसगड, आंध्रपासून आपल्या गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यापर्यंत तो होता. त्यालाही नावं पडली होती तीच जुन्या चालीची : कोया रोग, माडिया रोग, गोंडी रोग. नव्वदच्या दशकात सरकारने मोहीम घेतली. आरोग्य कर्मचारी पाड्यापाड्यावर, घरोघरी गेले, रुग्ण शोधला, त्याला इंजेक्शन दिलं, आणि घरातल्या, शेजारच्या सगळ्यांनाही दिलं. 'तुला कुणाकडून लागला' हा प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. शेवटचा रुग्ण २००३ मध्ये सापडला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

भाऊ गेला, हा राहिला. जगात २०२२ मध्ये १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८० लाख लोकांना सिफिलिसचा नवा संसर्ग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. श्रीमंत देशही सुटले नाहीत : अमेरिकेत त्या वर्षी दोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि जन्मजात सिफिलिसची बाळं दहा वर्षांत दहापटीने वाढली; जपानमध्ये रुग्णसंख्या दहा हजारांवर गेली. औषध सगळीकडे तेच. अडतं ते जोडीदारापाशी. एकाला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि दुसऱ्याला सांगितलंच नाही, तर तो रोग पुढच्या महिन्यात परत येतो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं इथे नाही.

हे सर्वांत महाग पडतं बाळाला. उपचार न झालेल्या आईचं मूल पोटात दगावू शकतं, दिवस भरण्याआधी जन्मू शकतं, किंवा जन्मतः धडधाकट दिसून काही आठवड्यांनी नाक वाहणं, अंगाची सालं निघणं, यकृत-प्लीहा वाढणं सुरू होतं. बसकं नाक, खाचेचे दात, बहिरेपण नंतर. आणि हे सगळं टाळायला पहिल्या तिमाहीत एक रक्तचाचणी आणि प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी पेनिसिलिन पुरतं. क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये, श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही संपवल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी मोफत होते. बोटाच्या थेंबावर दोन्हींचा निकाल देणारी पट्टीही आहे. पण बीडची ऊसतोड कामगार बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते ती उन्हाळ्यातच परतते. तिचं कार्ड गावच्या उपकेंद्रात, आणि ती कारखान्याच्या फडात. चाचणी झाली तर निकाल तिच्यापर्यंत पोचत नाही, निकाल पोचला तर इंजेक्शनचा दुसरा आठवडा हुकतो, आणि नवऱ्याला बोलवा म्हटलं की मुकादम सुट्टी देत नाही. इथे अज्ञानापेक्षा अंतर जास्त मारतं.

टाळण्याचे उपाय लांबलचक नाहीत. कंडोम खूप संरक्षण देतो, पूर्ण नाही, कारण व्रण कंडोमने न झाकल्या जाणाऱ्या कातडीवरही असू शकतो. मुखमैथुनातही तो वापरावा, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार किंवा पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील तर दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी. एचआयव्हीची चाचणी सोबतच, कारण उघड्या व्रणातून एचआयव्ही सहज शिरतो. संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एक डोस घेतल्याने समलिंगी पुरुष आणि पारलिंगी स्त्रियांमध्ये सिफिलिस लक्षणीय घटतो, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. बाकीच्या बायकांमध्ये तसा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि हा डोस मनाने घ्यायचा नाही. लस नाही.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लक्षणांनुसार रंगांचे संच मिळतात. जननेंद्रियावरच्या व्रणासाठी पांढरा, पेनिसिलिन चालत नसेल तर निळा. समुपदेशक जोडीदारासाठी चिठ्ठी देतो. १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. मोठ्या रुग्णालयांत पाटी मात्र अजून 'त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग विभाग' अशी असते, आणि तिच्याखालच्या बाकावर बसलेली माणसं ओळखीचं कुणी दिसलं की हमखास हाताची खरूज दाखवतात.

उपचारानंतर काम संपत नाही. व्हीडीआरएलचा आकडा मोजावा लागतो : १:३२ असेल तर सहा ते बारा महिन्यांत तो १:८ किंवा त्याखाली यायला हवा. टीपीएचए मात्र बहुतेकांत जन्मभर 'पॉझिटिव्ह'च राहतं. ते जुन्या लढाईची नोंद असते, चालू आजाराची नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात नोकरीला निघालेल्या कित्येक तरुणांना हा फरक मेडिकलच्या दारात कळतो. तिथे या रोगाची चाचणी ठरलेली, आणि पाच वर्षांपूर्वी दोन इंजेक्शनं घेऊन पूर्ण बरा झालेला माणूस कागदावर अजून 'पॉझिटिव्ह'. अशा वेळी कामी येतो तो जुना उपचाराचा कागद : इंजेक्शनच्या तारखा, डोस, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. बहुतेकांनी तो घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याच दिवशी फाडून टाकलेला असतो.